हातगाडी दिली, हाताचं काय?

गेल्या रमजानच्या आधीच्या रविवारी आमच्या वस्तीत आरोग्य शिबिर झालं. आळंदीहून मरकळकडे जाणाऱ्या रस्त्यालगतची ही वस्ती. लातूर, बीड, परभणीहून आलेली कुटुंबं, उत्तर प्रदेश-बिहारची खोल्या करून राहणारी मुलं, आणि सगळ्यांचं पोट आसपासच्या कारखान्यांवर. मांडव घातला होता, फ्लेक्स लागले होते. एका टेबलावर रक्तदाब, एकावर साखर, एकावर डोळे, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मी. माझ्यासमोर कागद चिकटवला होता, ‘फिजिओथेरपी’. मी फिजिओथेरपिस्ट नाही, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, हे मी दोनदा सांगितलं. “आपा, लोकांना तेवढंच कळतं,” असं उत्तर मिळालं.

चार तासांत माझ्यापुढे साठेक माणसं बसून गेली. म्हणजे प्रत्येकाला चार मिनिटं. त्यात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. प्रेसमध्ये त्याचं एक बोट गेलं होतं. जखम भरून दोन महिने झाले होते, पण शेजारची दोन्ही बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. मी त्याला पाच व्यायाम दाखवले आणि छापील कागद दिला. कागद मराठीत होता, त्याला फक्त हिंदी वाचता येत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “इधर देखो.” फोटो निघाला. तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. तो मुलगा मला पुन्हा कधी दिसला नाही. त्याची बोटं वळली का, त्याला काम मिळालं का, तो खोली सोडून गावी गेला का, मला काहीच माहीत नाही. शिबिराच्या अहवालात मात्र तो ‘लाभार्थी’ आहे.

यंदाच्या शिबिरासाठी मला पुन्हा बोलावणं आलं. मी नाही म्हटलं. काही मित्र नाराज झाले, एक-दोघांनी ‘शिकली की शिंगं फुटतात’ असंही म्हटलं. म्हणून हे लिहिते आहे. माझा वाद शिबिर घेणाऱ्या मुलांच्या नियतीशी नाही. रविवारची सुट्टी मोडून, उन्हात उभं राहून काम करणारी ही माझीच भावंडं आहेत. माझा वाद आपल्या सवयीशी आहे. मदत म्हणजे एक दिवस, एक वस्तू आणि एक फोटो, ही ती सवय. तिनं माझ्या घराचं काय केलं, ते आधी सांगते.

अब्बांची हातगाडी

२००८ साली मी आठवीत होते. अब्बा एका छोट्या वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेस चालवायचे. पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, तुकडा काढायचा, पुन्हा पत्रा ठेवायचा. टार्गेट पुरं करायचं तर हात बाहेर निघण्याआधीच पाय पेडलवर जातो. एके दिवशी उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही मुळापासून गेली. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, वर पंधरा हजार दिले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. टाके निघाले, जखम भरली, डॉक्टर म्हणाले, “आता ठीक आहे.” पुढं काय करायचं, हे कुणी सांगितलं नाही. ते सांगणारं कुणी असतं, हेही आम्हाला माहीत नव्हतं.

वस्तीतले लोक धावून आले, हे मी विसरणार नाही. दोन महिने रेशन आलं. मग काही भल्या माणसांनी वर्गणी काढून अब्बांना फळांची हातगाडी घेऊन दिली. तेव्हाही फोटो निघाला होता, पेपरमध्येही आला होता. गाडी चार महिने चालली. अब्बांना प्लास्टिकच्या पिशवीची गाठ मारता येईना. सुटे पैसे बोटांतून निसटायचे. तराजूत वजन टाकताना खुंटाला धक्का लागला की डोळ्यांत पाणी यायचं. गिऱ्हाईक थांबत नाही, शेजारच्या गाडीवर जातं. पाचव्या महिन्यात गाडी विकली. मग लोक म्हणाले, “दिलेलं टिकवता आलं नाही.”

त्याहून मोठी गोष्ट कुणाला दिसलीच नाही. अब्बांनी दावतींना जाणं बंद केलं. उजव्या हातानं भाकरी मोडता येत नव्हती, घास नीट धरता येत नव्हता, आणि चारचौघांत डाव्या हातानं खायला ते तयार नव्हते. घरात दार लावून चमच्यानं जेवायचे. हिवाळ्यात वुजूच्या थंड पाण्यानं खुंट ठणकायचे, म्हणून फजरला मस्जिदीत जाणं सुटलं. शर्टाची बटणं अम्मी लावायची, त्याची लाज वाटून ते झब्बा घालू लागले. “हात है, पन काम का नै,” असं म्हणायचे. बोटं दोन गेली होती, पण माणूस दावतीतून, मस्जिदीतून, बाजारातून, हळूहळू सगळीकडून गेला होता.

पुढं मी हा अभ्यासक्रम शिकले तेव्हा कळलं, की यातली बहुतेक प्रत्येक अडचण हलकी करता आली असती. खुंटाची आग कमी करण्यासाठी त्याला आधी कापूस, मग मऊ फडकं, मग टॉवेल, मग तांदूळ, मग डाळ असा स्पर्श रोज थोडा थोडा द्यायचा असतो. अंगठा आणि अनामिका यांची नवी पकड शिकवता येते. बटणासाठी दहा-वीस रुपयांत तारेचा हुक बनतो. पिशवीला गाठ मारण्याऐवजी कागदी पुडी, सुट्या पैशांसाठी उतरता डबा, वजनांच्या तराजूऐवजी ताटलीचा काटा. हातगाडी देणं चूक नव्हतं. ज्या हातानं ती चालवायची, त्या हाताकडे न बघता देणं चूक होतं.

नावातच घोळ

ऑक्युपेशनल थेरपीला मराठीत ‘व्यवसायोपचार’ म्हणतात आणि तिथंच गोंधळ सुरू होतो. लोकांना वाटतं, धंद्याला लावून देण्याची योजना असावी. इथं ‘व्यवसाय’ म्हणजे माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो ती सगळी कामं: अंघोळ, स्वयंपाक, नमाज, मुलाला कडेवर घेणं, दुचाकी चालवणं, कारखान्यात नट आवळणं, शेजारणीशी गप्पा मारत भाजी निवडणं. फिजिओथेरपिस्ट सांधा किती वळतो, स्नायूत किती ताकद आहे हे पाहतो. आम्ही विचारतो, वळलेल्या त्या सांध्यानं तुम्हाला काय करायचं आहे? दोन्ही लागतात, पण दुसरा प्रश्न आपल्याकडे विचारलाच जात नाही.

हे शास्त्र परदेशातून परवा आलेलं नाही. अमेरिकेत जन्मलेल्या आणि लग्नानंतर इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. १९५२ मध्ये या क्षेत्राची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. म्हणजे या महाराष्ट्रात पाऊण शतकापासून हे शिकवलं जातं. तरीही माझ्या अब्बांपर्यंत ते पोचलं नाही, कारण ते रुग्णालयाच्या इमारतीत राहिलं आणि अब्बा टाके निघाल्यावर त्या इमारतीतून बाहेर पडले.

ही अडचण जगभर ओळखली गेली. १९७८ च्या अल्मा-आटा परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा विचार पुढं आला आणि त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेनं ‘समुदायाधारित पुनर्वसना’ची कल्पना मांडली: माणसाला संस्थेत नेण्याऐवजी पुनर्वसन त्याच्या वस्तीत न्यायचं. २०१० च्या मार्गदर्शिकेत या कामाचे पाच भाग सांगितले आहेत: आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण. आता आपल्या मदतीकडे या पाच भागांतून पाहा. उपजीविकेसाठी आपण हातगाडी देतो, शिलाई मशीन देतो. आरोग्यासाठी वर्षातून एक रविवार. सामाजिक जीवन, म्हणजे अब्बांची दावत, आपल्या यादीतच नाही.

वीस टक्के आणि चाळीस टक्के

आता कायद्याकडे येऊ, कारण आपल्या मुलांना हे माहीत नसतं आणि माहीत नसल्याचा फायदा कुणाला होतो, ते सांगायला नको.

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात, जो आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे, इजांचा एक तक्ता आहे. कोणता अवयव गेला म्हणजे कमावण्याची क्षमता किती टक्के गेली, हे त्यात लिहिलं आहे. अंगठा गेला तर ३० टक्के. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, तीन गेली तर ३०, चार गेली तर ५०. पंचवीस वर्षांच्या मुलाची दोन बोटं गेली आणि २०२० मध्ये ठरलेली महिना १५,००० रुपयांची मजुरीची मर्यादा धरली, तर हिशेब असा होतो: १५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००, त्याला वयाचा गुणक २१६.९१ नं गुणायचं आणि त्याचे २० टक्के घ्यायचे. ३,९०,४३८ रुपये. दावा करायची मुदत अपघातापासून दोन वर्षं. माझ्या अब्बांना पंधरा हजारांत गुंडाळलं गेलं तेव्हा मर्यादा आणि रक्कम कमी होती, पण पंधरा हजार नक्कीच नव्हती. कोऱ्या कागदावर सही का घेतात, ते आता कळतं.

राज्य कामगार विमा, म्हणजे ईएसआय लागू असेल तर ही भरपाई मालकाकडून न मिळता विमा महामंडळाकडून मिळते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेला, ठेकेदाराकडचा कामगारही त्यात येतो. कामावर झालेल्या इजेसाठी सुट्टीच्या काळात सरासरी मजुरीच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमची इजा असेल तर दरमहा लाभ मिळतो. पण त्यासाठी अपघाताची नोंद कामावरचा अपघात म्हणून व्हावी लागते, ‘घरी पडला’ म्हणून नाही.

इथपर्यंत पैशाचं झालं. खरी फट पुढं आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं अपंगत्व मान्य करतो, पण राखीव जागा आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला लागतो. दोन बोटं गेलेल्या माणसाचे ४० टक्के सहसा भरत नाहीत. त्याच कायद्याचं कलम २० सरकारी नोकरीत अपंगत्व आलेल्या माणसाला नोकरीवरून काढायला मनाई करतं. खासगी वर्कशॉपच्या ठेकेदाराला ते लागू नाही. म्हणजे आमच्या रस्त्यावरचा प्रेस कामगार सरकारदरबारी दिव्यांग नाही, आणि कारखान्याच्या गेटवर धडधाकटही नाही. एका कार्यालयात तो कमी अपंग, दुसऱ्या दारात जास्त अपंग. या फटीत पडलेल्या माणसाला ना योजना आहे ना काम. वस्तीतला कार्यक्रम सगळ्यांत आधी याच माणसासाठी हवा.

त्यात आळंदीची स्वतःची एक अडचण आहे. आपण पिंपरी-चिंचवडच्या पोटाला चिकटून आहोत, पण महापालिकेच्या हद्दीत नाही. आपली नगरपरिषद वेगळी, तालुका खेड. महापालिकेनं मोरवाडीत दिव्यांग भवन उभारलं, ते चांगलंच झालं, पण चऱ्होलीच्या अलीकडे राहणारा त्या महापालिकेचा नागरिक नाही. ईएसआयचं रुग्णालय चिंचवडला मोहननगरमध्ये आहे. आठवड्यातून तीनदा बस बदलत तिथं जायचं तर तीन दिवसांचा रोज बुडतो. ताठलेलं बोट आणि बुडालेला रोज यांत माणूस रोज वाचवतो. त्याला आळशी म्हणणारे आपण कोण?

मग करायचं काय?

‘टीका सोपी, करून दाखव’ असं मला सांगितलं गेलं. ठीक आहे. मी असा कार्यक्रम मांडते. तो वर्षाचा आहे, दिवसाचा नाही.

पहिली पायरी विचारण्याची. तीनेकशे घरं, दारोदार. ‘घरात कुणी अपंग आहे का?’ असं विचारलं तर कुणीही नाही म्हणतं. विचारायचं असं: ‘अपघाताआधी किंवा आजाराआधी तुम्ही रोज काय करायचात, जे आता करत नाही?’ कॅनडातल्या थेरपिस्टांनी १९९१ मध्ये याच विचारावर एक मोजमाप तयार केलं. माणूस स्वतः त्याला महत्त्वाची वाटणारी कामं सांगतो आणि प्रत्येकाला एक ते दहा असे गुण देतो: ते काम किती जमतं, आणि त्यावर तो किती समाधानी आहे. काही महिन्यांनी तेच पुन्हा विचारायचं. अब्बांना कुणी असं विचारलं असतं तर हातगाडीच्या आधी ‘दावत’ आली असती.

दुसरी पायरी वेळेची. शिबिर रविवारी दहा ते दोन असतं. त्या वेळी ओव्हरटाइमवाला कामावर असतो, रात्रपाळीवाला झोपलेला असतो आणि बाई स्वयंपाकात असते. आपलं केंद्र आठवड्यातले तीन दिवस संध्याकाळी पाच ते नऊ चालावं, आणि एक दुपार फक्त बायकांसाठी असावी. लाटताना मनगट धरणाऱ्या, पक्षाघात झालेल्या सासूला उचलून कंबर गेलेल्या बायका आपल्या कुठल्याच यादीत नसतात. आजारी माणसाची सेवा हेही काम आहे आणि ते शरीर मोडतं.

तिसरी पायरी जागेची. मस्जिदीचा वरचा मजला फुकट मिळेल, तरी नको. जिना आहे, बायकांना अवघड आहे आणि शेजारचा हिंदू कामगार तिथं येताना दहादा विचार करेल. रस्त्यालगतचा एक गाळा घ्या. दारात उंबरा नको, आत जमिनीवर बसता येईल अशी जागा हवी, एक ओटा आणि एक नळ हवा, कारण काम शिकवायचं तर काम करायची जागा लागते.

चौथी, साहित्याची. महागड्या यंत्रांची यादी मनातून काढा. तांदूळ, डाळ, कणीक, कपड्यांचे चिमटे, वेगवेगळ्या मापाचे नट-बोल्ट, भंगारातून आणलेला व्हाइस आणि जुने पान्हे. हा मुलगा ज्या कामावर परत जाणार, तेच काम बाकावर मांडायचं: आधी दहा मिनिटं, मग अर्धा तास, मग पाळीचा अर्धा वेळ. स्प्लिंटसाठी लागणारं प्लास्टिक मात्र महाग असतं, त्याला पैसे ठेवावे लागतील.

पाचवी, माणसांची. आठवड्यातून दोन-तीन दिवस येणारी एक थेरपिस्ट, आणि वस्तीतलेच दोन प्रशिक्षित कार्यकर्ते. त्यातली एक बाई असावी आणि एक जण असा असावा ज्याची स्वतःची बोटं गेली आहेत. बोट गेलेल्या मुलाला मी तासभर जे सांगते, ते तसाच हात दाखवून तो पाच मिनिटांत सांगतो. थेरपीचे निर्णय मात्र थेरपिस्टनंच घ्यायचे. शिवलेली नस तीन आठवड्यांची आहे की दहा आठवड्यांची, यावर व्यायाम ठरतो. चुकीच्या दिवशी जोर लावला तर ती तुटते. यूट्यूब पाहून हे करू नका.

सहावी, कागदांची. त्याच गाळ्यात एक कपाट: ईएसआयचं कार्ड आहे का, अपघाताची नोंद झाली का, दोन वर्षांची मुदत कधी संपते, ४० टक्क्यांत बसत असेल तर दिव्यांगत्वाचा दाखला काढला का. आणि पॉवर प्रेसबद्दल बोलायला शिकायचं. दोन्ही हातांनी बटण दाबल्याशिवाय न चालणारी प्रेस, हात आत असेल तर थांबवणारा सेन्सर, हे काही स्वप्न नाही, मोठ्या कारखान्यांत आहे. ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या कारखान्यांत बोटं कशी जातात आणि पॉवर प्रेसचा त्यात किती वाटा आहे, हे त्यात वाचा. आपण फक्त तुटलेले हात दुरुस्त करत बसलो तर प्रेस नवे हात पाठवत राहील.

सातवी, मोजण्याची. ‘किती लाभार्थी’ हा रकाना खोडून टाका. सहा महिन्यांनी किती जण कामावर परतले, किती जण टिकले, किती जण स्वतःचं ताट स्वतः वाढून घेतात, हे लिहा. आकडा लहान येईल. वर्षात चाळीस माणसं येतील. फ्लेक्सवर छापायला तो आकडा कमी वाटेल. चालेल.

चार आक्षेप

‘एवढा पैसा कुठून आणायचा?’ मी हिशेब मांडून पाहिला. गाळ्याचं भाडं आठ हजार, थेरपिस्टचं अर्धवेळ मानधन वीस हजार, दोन कार्यकर्त्यांचे वीस हजार, साहित्य आणि स्प्लिंटचे पाच हजार. महिना ५३,०००, वर्षाला साडेसहा लाखांच्या आत. मांडव, जेवण, फ्लेक्स, सत्कार यांवर वस्तीतल्या सगळ्या मंडळांचा मिळून वर्षाला किती खर्च होतो, तो एकदा लिहून काढा आणि मग मला सांगा. जकातीतून पगार आणि भाडं द्यावं का, हे आलिमांना विचारा, तो माझा अधिकार नाही. सदका आणि इतर देणग्यांतून द्यायला तर अडचण नसावी.

‘हे सरकारचं काम आहे.’ आहेच. म्हणूनच सरकारला सोडायचं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवायचा असतो. आळंदी नगरपरिषदेत तो किती होता आणि कशावर खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात. इथल्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस ऑक्युपेशनल थेरपिस्ट बसावा, अशी लेखी मागणी करा. आपलं केंद्र सरकारला पर्याय म्हणून नको. वर्षभराच्या नोंदी घेऊन ‘हे असं चालतं, आता तुम्ही चालवा’ असं म्हणता यावं यासाठी हवं.

‘आधी आपल्या लोकांसाठी करू.’ हा आक्षेप मला सगळ्यांत जास्त बोचतो. प्रेसखाली हात जाताना धर्म विचारला जात नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक आजोबा राहतात. आयुष्यभर पखवाज शिकवला, आता पक्षाघातानं डावा हात लुळा पडलाय. कुणीतरी त्यांना दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो त्यांनी कोपऱ्यात फेकला. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. मी त्यांना म्हटलं, “आजोबा, कणीक तुम्हीच मळायची, डाव्या हातानं, उजव्याची मदत घेऊन.” आता रोज मळतात. आधी शिष्यावर ओरडायचे, “पातळ झाली!” आता स्वतःवर ओरडतात. ज्या आळंदीत आपण राहतो, तिच्यात हे आजोबा ‘आपले’ नसतील तर आपण इथले कसे?

याच आक्षेपाची उलटी बाजूही आहे. काही मित्र म्हणतात, “हिंदूंसाठी केलं तर समाजाची प्रतिमा सुधारेल.” कृपा करून यासाठीही करू नका. आपण किती चांगले आहोत, याचं प्रमाणपत्र कुणाच्या लुळ्या हातावर लिहून घ्यायचं नसतं. नागरिक आपल्या शेजाऱ्यासाठी काम करतो, कारण तो शेजारी आहे. प्रतिमेसाठी केलेलं काम फोटो निघाला की संपतं, आणि आपण फिरून शिबिरावर येतो.

चौथा आक्षेप माझ्यावर आहे: ‘नाही म्हणून तू लांब बसलीस, निदान आम्ही काहीतरी करतो.’ खरं आहे. चार मिनिटांत त्या मुलाला निरोप देणारी मीच होते. मी तेव्हा टेबलावरून उठायला हवं होतं, त्याचा नंबर घ्यायला हवा होता. ‘काहीतरी केलं’ या समाधानानं मलाही गाठलं होतं. म्हणून आता लांब बसणार नाही. संध्याकाळचे दोन दिवस, पहिले सहा महिने, मी बिनपगारी देते. वर लिहिलेल्या हिशेबातले माझे वीस हजार तोवर स्प्लिंटसाठी ठेवा.

यंदाच्या शिबिराची बैठक पुढच्या जुम्यानंतर आहे. मी जाणार आहे आणि तीनच गोष्टी मागणार आहे: शिबिराचा निम्मा खर्च एका गाळ्याच्या वर्षाच्या भाड्याला, सर्वेक्षणासाठी दहा मुलं-मुली, आणि माहिती अधिकाराच्या अर्जावर सह्या. तुमच्या वस्तीतही अशी बैठक होत असेल, भोसरीत, चाकणमध्ये, तळेगावात, वाळूजमध्ये. तिथं उठून एवढंच विचारा, की गेल्या वर्षीच्या लाभार्थ्यांपैकी आज कोण काय करतो, हे कुणाला माहीत आहे का. उत्तर आलं नाही तर मांडवाची ऑर्डर थांबवा.

अब्बा आता साठीला आले आहेत. मी शिकून आल्यावर त्यांच्या हातावर काम सुरू केलं, तेव्हा बारा वर्षं उलटून गेली होती. सांधे पुरते मोकळे झाले नाहीत. खुंटांची आग मात्र कमी झाली, आणि अंगठा-अनामिकेनं घास धरायला ते शिकले. गेल्या ईदला मामांकडे दस्तरखानावर सगळ्यांत बसून उजव्या हातानं जेवले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या प्रेसवाल्या मुलाची अजून बारा वर्षं झालेली नाहीत. तो कुणाला सापडला तर माझ्याकडे पाठवा.